नरहरमामांचा वशिला

२ फेब्रुवारी १९९७, रविवार. बदनापूर.

आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांच्या आयुष्यात एक वळण येतं आणि नेमकं त्याच दिवशीचं त्यांनी काही लिहून ठेवलेलं नसतं. माझं वळण काल आलं.

जालन्याच्या बसस्टँडवर नव्या शेडचं उद्घाटन. राज्यमंत्री नामदार तातेराव दाभाडकर स्वतः. बँड, हार, आमच्या ऑफिसचे उढाण साहेब पहिल्या रांगेत, मी साहेबांची छत्री धरून मागे. नामदारांनी हार बाजूला सारले आणि सरळ राजूरच्या फलाटाकडे चालायला लागले. तिथे एक म्हातारा झेंडूच्या फुलांचं गाठोडं घेऊन बसलेला. नामदार वाकून त्याच्या पाया पडले. सगळे गार.

म्हातारा म्हणजे नरहर टेंभुर्णीकर. 'हजारआवाजी नरहर'! चाळीस वर्षांपूर्वी हैदराबादपासून मुंबईपर्यंत ह्यांच्या नकलांना तंबू फाटेपर्यंत गर्दी. आणि माझ्या बायकोचे, अरुंधतीचे, सख्खे मामा. म्हणजे माझे मामेसासरे. म्हणजे नामदार ज्यांच्या पाया पडले त्यांचा मी जावई.

हिला विचारलं, मामा सध्या कुठे असतात? म्हणाली, राजूरला, गोजरबाईकडे. तुम्हीच तर इथून घालवलं होतं. मी म्हणालो, जुन्या गोष्टी उगाळू नयेत.

संकल्प: मामांना घरी आणणे.

९ फेब्रुवारी

राजूरला जाऊन आलो. गोजरबाईचं गणपतीच्या देवळापाशी नारळ-फुलांचं दुकान. पूर्वी मामांच्या कंपनीत तिकिटं फाडायची. मागच्या खोलीत मामा. खाट, रेडिओ, मच्छरदाणी. एवढा मोठा कलावंत आणि असल्या ठिकाणी! डोळे भरून आले. (निदान भरल्यासारखे केले.)

मामा मला बघून म्हणाले, "जावईबापू, घर चुकलात का?" विनोदी माणूस.

गोजरबाई सोडायला तयार नव्हती. म्हणे, "अकरा वर्सं सांभाळलं मी. उस्तादायला अंघोळीला कडक पाणी लागतंय, सांजच्याला गरम दूध लागतंय. तुमच्यानं व्हतंय का?" मी कायद्याचा मुद्दा काढला. रक्ताचं नातं कोणाचं? ती पदराने तोंड पुसत बसली. अशा लोकांपुढे फर्म राहावं लागतं.

मामा आले ते अरुंधतीसाठी. पोरगी बरी हाय का, एवढंच बसमध्ये विचारत होते.

११ फेब्रुवारी

मामांना गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलंय. हवेशीर. अरुंधती म्हणाली, थंडी आहे अजून, खाली झोपू द्या. मी म्हणालो, कलावंताला एकांत लागतो.

रेडिओ काढून घेतला. मला संध्याकाळी शांतता लागते. विचार करायचा असतो.

काय काय करून घ्यायचं ते डोक्यात पक्कं आहे. एक, माझं प्रमोशन. तीनदा डावललं. सुपरिंटेंडेंट म्हणून मी शोभतो हे सगळ्या ऑफिसला माहीत आहे, फक्त वरती माहीत नाही. दोन, घरी टेलिफोन. तीन, एखादी सरकारी कमिटी. कमिटीत मी छान दिसेन.

१६ फेब्रुवारी

मामांच्या ओळखीचा आवाका प्रचंड. पण मालाची किंमत ठाऊक नाही म्हाताऱ्याला.

आज जालन्याला डॉक्टरकडे नेलं (खोकला). डॉक्टर खुर्चीवरून उठून उभा राहिला. त्याच्या वडिलांच्या दवाखान्यासाठी मामांनी कधीतरी फुकट प्रयोग केला होता. बाहेर एक रिटायर्ड जज्ज भेटले, गळ्यात पडले. कादराबादचे एक मौलवीसाहेब सायकलवरून उतरले. एक पहिलवान तर रडलाच. प्रत्येकाला मामांनी त्याच्या बापाच्या, गुरूच्या नाहीतर शत्रूच्या आवाजात दोन वाक्यं ऐकवली.

मी मामांना म्हणालो, एवढ्या लोकांसाठी फुकट शो केलेत, बदल्यात मागितलं काय? म्हणाले, जेवण. कधी मटणाचं असायचं.

मूर्खपणा. पण भांडवल शिल्लक आहे. ते आता माझ्या हातात.

२३ फेब्रुवारी

मामांना सांगितलं, नामदारांना माझ्याबद्दल सांगा. म्हणाले, काय सांगू? मी म्हणालो, गुण सांगा. मामा म्हणाले, आठवलं की सांगतो.

वय झालंय. स्मरणशक्ती गेली.

दूध बंद केलं. खोकल्याला दूध वाईट.

१ मार्च

उढाण साहेबांच्या नातवाचा वाढदिवस. मी स्वतःहून ऑफर दिली होती: हजारआवाजी नरहर खास आपल्या बंगल्यावर. साहेब खूश.

मामांना सकाळपासून ताप. अरुंधतीने आडवा हात लावला, दारात उभी राहिली. मी तिला बाजूला केलं. साहेबांना शब्द दिलेला.

मामांनी सुरुवातीला जुन्या काळच्या एका तहसीलदाराची नक्कल केली. पोरांना काय कळणार तहसीलदार? नातू म्हणाला, गाढव काढ. मामांनी काढलं. अजून काढ. काढलं. तासभर गाढवच चाललं. पोरं केकचे तुकडे मारत होती आणि मामा केस पुसत ओरडत होते. शेवटी आवाज फुटेना, खाली बसले. मी सावरून घेतलं. मामांच्या काखेत हात घालून उभं केलं आणि मायकवर सांगितलं, बाळांनो, गाढव दमलं! साहेब खळखळून हसले. माझ्या हजरजबाबीपणाची बऱ्याच जणांनी नोंद घेतली.

घरी येईपर्यंत मामा एक अक्षर बोलले नाहीत. तापामुळे.

५ मार्च

मामा अजून बोलत नाहीत. अरुंधतीही. घरात छान शांतता आहे.

१२ मार्च, बुधवार. ऐतिहासिक.

ऑफिसात दुपारी फोन वाजला. फोन आवक-जावकच्या बेबीनंदाबाईंच्या टेबलावर असतो. बाईंनी उचलला, ताडकन उभ्या राहिल्या आणि रिसीव्हर मला दिला.

"वरूडकर का? दाभाडकर बोलतोय."

नामदार! भरडा आवाज, मधेमधे ती हं-हं अशी खाकर. मी उभाच होतो, आणखी उभा राहिलो. म्हणाले, आमचा नरहर तुमच्याकडे असतो म्हणे. बरा आहे का? मी म्हणालो, राजासारखा. मग म्हणाले, राजा पत्र्याखाली झोपतो असं कानावर आलं.

सरकारचं गुप्तहेर खातं किती पोचलेलं आहे! बदनापुरातल्या गच्चीपर्यंत! मी म्हणालो, साहेब, खोलीचं रंगकाम चालू होतं, आजच हलवतो. नामदार म्हणाले, हलवा. आणि रंगाचा वास जाईपर्यंत तुम्ही झोपा तिथं.

घरी येऊन मामांना सांगितलं, तुमच्या नामदारांचा फोन होता. मामा म्हणाले, असं का? लेकराला आठवण आहे म्हणायची. घरीच नव्हते ना दुपारी, त्यामुळे त्यांना काही कल्पना नाही. अरुंधती त्यांना घेऊन स्टेशनापर्यंत फिरायला गेली होती.

मामा पंख्याखाली. मी पत्र्याखाली. गुंतवणूक म्हणतात ह्याला.

२१ मार्च

दुसरा फोन. नामदारांनी मामांच्या आहाराची चौकशी केली. दूध सकाळ-संध्याकाळ. अंघोळीचं पाणी कडक. रेडिओ परत. आणि रविवारी मटण. मी म्हणालो, साहेब, आमच्या घरात ते चालत नाही. नामदार गप्प झाले. ती शांतता इतकी वजनदार होती की मीच म्हणालो, चालवून घेऊ.

डबा मी स्वतः आणायचा, दुसऱ्या कोणी नाही, हेही त्यांनीच सांगितलं. बारकाईने काम करणारा माणूस.

ऑफिसात माझ्याकडे बघायची नजर बदलली आहे. चहा आधी मला.

३ एप्रिल

तिसरा फोन!! कला-संस्कृती सल्लागार मंडळ. नवीन निघतंय. नामदारांच्या डोक्यात सदस्य-सचिव म्हणून एक नाव आहे. मी विचारलं, कोणतं? म्हणाले, ते जालन्याचं आहे आणि सध्या फोनवर आहे. मात्र गुप्तता. कुणाला बोलायचं नाही. फक्त एक अडचण: मंडळावर मिशीवाला माणूस घेत नाहीत. आधीच्या मंडळात मिश्यांवरून भांडणं झाली होती.

पंचवीस वर्षांची मिशी. संध्याकाळी उतरवली. अरुंधती बघून स्वयंपाकघरात पळाली. हुंदके ऐकू आले. (किंवा हसत होती. पण का हसेल?)

मामा म्हणाले, जावईबापू, आता चेहरा कळून राह्यला तुमचा.

८ एप्रिल, पाडवा

उलट्या दिशेने विचार केला: एवढं सगळं नामदार का करतायत? मामांसाठी? नाही. मामा निमित्त. त्यांनी बसस्टँडवर मला पाहिलं. छत्री ज्या पद्धतीने धरली होती त्यावरून माणूस ओळखला.

१७ एप्रिल

आज परीक्षा झाली.

फोन आला तेव्हा ऑफिस भरलेलं. नामदार म्हणाले, मंडळाच्या सदस्याला एखादी कला यायला पाहिजे, नियम आहे. तुम्हाला काय येतं? मी म्हणालो, प्रशासन. म्हणाले, ती कला नाही. नरहरकडून काहीच उचललं नाही? मग स्वतःच म्हणाले, गाढव येतं का?

मी आजूबाजूला पाहिलं. बेबीनंदाबाई, चार कारकून, शिपाई, कामासाठी आलेल्या दोन पार्ट्या. मी दबक्या आवाजात काढलं. नामदार म्हणाले, ऐकू येत नाही. मोठ्याने काढलं. म्हणाले, हे तरुण गाढव झालं, म्हातारं काढा. काढलं. दमलेलं काढा. काढलं. उढाण साहेब केबिनमधून बाहेर आले आणि दारात उभे राहिले. मी खुणेने सांगितलं, मंत्रालय.

नामदार म्हणाले, सुंदर, परत. असं बराच वेळ. घसा बसला. शेवटी ते म्हणाले, "गाढव दमलं वाटतं," आणि फोन ठेवला.

म्हणजे सिलेक्शन पक्कं. नाहीतर एवढा वेळ कोण देतो?

२५ एप्रिल

उढाण साहेबांनी बोलावून विचारलं, वरूडकर, तब्येत ठीक आहे ना? तुमचा फाईलींचा ढीग साचलाय. मी त्यांना बसा म्हणालो. त्यांच्याच केबिनमध्ये. नंतर शांतपणे सांगितलं की थोड्याच दिवसांत तुम्हालाच माझ्याकडे काम घेऊन यावं लागेल, तेव्हा भाषा जपून वापरा. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. बाहेर सगळ्यांनी ऐकलं.

नामदारांनी गुप्तता पाळायला सांगितली होती. पण मी मंडळाचं नाव घेतलेलं नाही. फक्त माझं घेतलं.

४ मे

पत्र्याची खोली भट्टी झाली आहे. अंगावर घामोळं. मामा खाली पंख्याखाली रेडिओ ऐकतात आणि अरुंधतीला जुन्या गोष्टी सांगतात. ती हसते. लग्नानंतर हिला असं हसताना ऐकलं नव्हतं. मी वरून ओरडलो, हळू. दोघं अजून हसली.

चौकशी केली तर म्हणे मामा तिला तिच्या शिक्षणाबद्दल विचारत होते. डी.एड. झालंय तिचं. लग्नात नोकरी करू देण्याची अट तिच्याकडून आली होती, ती मी मोडून काढली. घर कोण बघणार?

११ मे, रविवार. रात्री थकून लिहितोय, पण लिहिलंच पाहिजे.

जालन्यात मामांचा जाहीर सत्कार. नामदार आले. हॉल भरून बाहेर लोक. मी सूट घातला होता (लग्नातला, काखेत उसवला). स्टेजवर एक रिकामी खुर्ची दिसली, बसलो. एका कार्यकर्त्याने उठवलं, ती चांगुणाबाईंची आहे म्हणाला. ह्या बाई तीर्थपुरीला मुलींचं वसतिगृह चालवतात. त्याच्या पहिल्या इमारतीसाठी मामांनी गावोगाव प्रयोग केले होते म्हणे. मला खाली, पायऱ्यांपाशी जागा दिली आणि मामांच्या चपला सांभाळायला दिल्या. घरच्या माणसाशिवाय कोणाला देणार?

नामदार बोलायला उभे राहिले. आवाज जरा वेगळा वाटला. फोनवर भरडा, इथे बारीक. खाकरही नाही. घसा बसला असावा. म्हणाले, तरुण होतो तेव्हा नरहररावांनी माझी नक्कल केली आणि मला पहिल्यांदा वाटलं की आपण कोणीतरी आहोत.

मग मामांनी नामदारांचीच नक्कल केली, जुन्या काळच्या. काय ती! भरडा आवाज, हं-हं खाकर. डोळे मिटले असते तर मला वाटलं असतं ऑफिसातला फोनच वाजलाय. नामदारांपेक्षा मामाच जास्त नामदार वाटत होते. कला म्हणतात ती ही. मी पायरीवरून ओरडलो, हुबेहूब! फोनवर असेच बोलतात! आमच्या ऑफिसची मंडळी मागे बसली होती, तिकडे काय झालं कोण जाणे, एकदम खुर्च्या पडल्या. बेबीनंदाबाईंना बाहेर नेऊन पाणी द्यावं लागलं.

आणि मग कळस. मामा म्हणाले, आता माझ्या जावईबापूंची. माझी! अख्ख्या महाराष्ट्रातले मोठमोठे लोक ज्या तोंडातून गेले त्या तोंडातून मी. मामांनी माझी मान केली, माझा चष्मा केला, "होय साहेब, काढतो साहेब" केलं आणि शेवटी गाढव. माझं गाढव. तरुण, म्हातारं, दमलेलं. नामदार टेबलावर डोकं ठेवून हसत होते. लोक मला बघायला उभे राहिले. मी हात जोडून सगळ्या बाजूंनी नमस्कार केला.

फक्त एक कळलं नाही. फोनवरचं गाढव मामांना कोणी सांगितलं? नामदारांनीच असणार. म्हणजे मंत्रालयात माझा विषय निघतो.

कार्यक्रम संपल्यावर नामदारांना गाठून विचारलं, साहेब, मंडळाचं पत्र कधी? म्हणाले, कुठलं मंडळ? तुम्ही कोण? बाजूला फोटोवाला उभा होता. काय गुप्तता! मी डोळा मारला. सुरक्षारक्षकाने मला जरा लांब नेलं.

अरुंधती त्या वेळी चांगुणाबाईंशी बोलत उभी होती. बायकांच्या गप्पा.

२० मे

पत्र नाही. फोनही नाही. बेबीनंदाबाईंना विचारलं की त्या तोंडावर फाईल धरतात.

शिपाई आता चहा आणत नाही. मी टेबलापाशी गेलो की कुठल्यातरी कोपऱ्यातून गाढवाचा आवाज येतो. कोवळी माणसं. कलेची लागण झालीय.

३० मे

स्टेशनाजवळच्या एसटीडी बूथवाल्या कडूबाकडे गेलो. मंत्रालयात स्वतःच फोन लावावा म्हटलं. कडूबा माझ्याकडे बघून म्हणाला, "मामा न्हाई आले का आज? लै दिवस झाले, बूथ सुना सुना वाटून राह्यला." मी म्हणालो, मामा इथे कशाला येतील? म्हणाला, "आँ? तुमच्या हापिसला फोन लावायला की. ताईंसंगं यायचे. मंत्र्याच्या आवाजात बोलायचे. ते गाढवाच्या दिवशी तर आम्ही समदे तोंडात रुमाल कोंबून बसल्तो. मामांनी आम्हाला बी ऐकवलं, फोन असा मधी धरून."

कडूबा खोटं बोलतो. आधीपासूनच तसला माणूस.

फोन लावला नाही.

३१ मे

कडूबा खोटं बोलतो हे नक्की, पण मामांना विचारून बघितलं. मामा रेडिओ ऐकत होते. रेडिओ बारीक केला. "वरूडकर का?" म्हणाले. "दाभाडकर बोलतोय." हं-हं.

मी अरुंधतीकडे वळलो. विचारलं, तुला ठाऊक होतं? म्हणाली, नंबर मीच फिरवायचे, मामांना आकडे दिसत नाहीत. मी म्हणालो, नवऱ्याची अशी नालस्ती? ती कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, ताप एकशे तीन होता त्यांना. तीन महिन्यांपूर्वीचं बोलत होती. ह्या बाईला कुठला विषय कुठे काढावा कळत नाही.

निष्कर्ष: सगळा दोष गोजरबाईचा. म्हाताऱ्याला लाडावून ठेवलं तिने.

संकल्प: मामांना उद्यापासून परत पत्र्याखाली. दूध बंद.

१ जून

अंमलबजावणी झाली नाही. मामांच्या खोलीला आतून कडी. मटणाचा रविवार होता. डबा मीच आणला. सवय.

६ जून

बदलीची ऑर्डर. किनवट. उढाण साहेबांनी स्वतः हातात दिली, बसा म्हणाले. त्यांच्याच केबिनमध्ये. मी म्हणालो, साहेब, बाईमाणूस घरात, म्हातारे सासरे, ह्या वयात किनवट? साहेब म्हणाले, मंत्रालयात तुमचा विषय निघतो ना? काढा मग.

मी त्यांच्या पायापर्यंत वाकलो होतो. बेबीनंदाबाई आत आल्या म्हणून पेन पडल्याचं दाखवलं.

एकच मार्ग. मामा. फोन खोटे असतील, पण नामदार खरे आहेत. पाया पडले ते खरे. मामांनी खऱ्या आवाजात एक शब्द टाकला तर किनवट रद्द. आज घरी जाऊन मामांचे पाय चेपायचे. घरचे पाय, त्यात कमीपणा कसला?

६ जून, संध्याकाळ

घराला कुलूप. शेजारच्या बाईंकडे किल्ली. म्हणाल्या, दोघं दुपारीच गेले, जीप आल्ती. कुठे? तीर्थपुरीला. कशाला? नोकरी लागली ना वहिनींना, वसतिगृहात, राहायला क्वार्टर आहे. तुम्हाला ठाऊक नाही?

मी म्हणालो, ठाऊक आहे, मीच पाठवलं.

पोळ्या करून ठेवल्या होत्या. दोन दिवस पुरतील अशा. म्हणजे राग नाही.

१२ जून

दोन दिवसांनी नाही आली. सहा दिवसांनीही नाही. खानावळ. पंख्याखाली झोपतो आता. झोप येत नाही. खाली आवाजच नाहीत कसले.

धोरण ठरलं: रविवारी तीर्थपुरी. आधी थोडं रागवायचं. मग क्षमा. मग मामांकडे बदलीचा विषय. किनवटला हजर व्हायची मुदत सोमवारपर्यंत.

१५ जून, रविवार

तीर्थपुरी. वसतिगृह मोठं आहे, दुमजली, कडूनिंबाची झाडं. दाराशी रामराव नावाचा वॉचमन. मी सूटमध्ये. आत निरोप द्या म्हणालो, नरहर टेंभुर्णीकरांचे जावई आलेत.

रामराव मला वरून खाली बघायला लागला. म्हणाला, "कोणते जावई?" मी म्हणालो, एकच आहे. तो म्हणाला, "ते तर वारले न्हाई का वो. मामायनीच सांगितलं. इथं एकट्या पडलेल्या बायांनाच नोकरीवर घेत्यात, चांगुणाबाईंचा नेम हाय. ताई आल्या त्या दिवशी आम्ही दोन मिन्टं उभं बी राह्यलो तुमच्या... त्यायच्यासाठी."

मला पहिल्यांदा बरंच वाटलं. दोन मिनिटं उभं राहणं म्हणजे लहान मान नाही. विचारलं, भाषणं झाली का? म्हणाला, "मामायनी केलं. त्यायच्याच आवाजात. पोरी हसून हसून लोळल्या. मेलेल्या माणसाला असं हसू न्हाई, पण काय करता."

मी गेटला धरून उभा होतो. ऊन फार.

अरुंधती बाहेर आली. कपाळावर कुंकू नव्हतं. मला वाटलं, घाईत राहिलं असेल. तब्येत सुधारली आहे. मागे व्हरांड्यात पाच-सहा मुली. तिने रामरावला सांगितलं, पाहुण्यांना पाणी दे. पाहुण्यांना.

मी आधी रागवणार होतो. पण शब्दच निघाला तो असा, जेवलीस का? ती म्हणाली, हो. मग तिने व्हरांड्याकडे वळून पाहिलं. ती म्हणाली, मुली बघतायत, बस चुकेल तुमची. मी म्हणालो, घरी चल. ती म्हणाली, आत्ताच अभ्यासाची घंटा होईल.

रडली असती तर मी माफ केलं असतं. तशी संधीच दिली नाही.

शेवटी बदलीचं सांगितलं. म्हणालो, मामांना एवढंच विचार, नामदारांना एक शब्द. शेवटचं काम. पुन्हा काही मागणार नाही. माझ्या आवाजाला काय झालं होतं कोण जाणे, फाटल्यासारखा येत होता. ती आत गेली. खिडकीत मामा दिसले, खाटेवर बसलेले, हातात दुधाचा पेला. शेजारी गोजरबाई, लसूण सोलत. तिलाही आणलंय.

अरुंधती परत आली. म्हणाली, विचारलं मी. मी म्हणालो, मग? मला वाटतं सांगावं की नाही ह्या विचारात होती. मग म्हणाली, मामा म्हणतात, मेलेल्या माणसाची बदली कशी थांबवू?

घंटा झाली. ती गेली. पोरी गेल्या. रामरावने गेट लावलं, पण हळू लावलं.

बसमध्ये उभ्याने आलो. उद्या सकाळी निघायचं, नांदेडपर्यंत गाडी, पुढे किनवट. तिथे आपल्या ओळखीचं कोणी नाही.